झेंडूच्या दिवशी आईची तुला

माणूस म्हातारं झालं की त्याचे कान जातात, हा शोध ज्यानं कोणी लावला त्याचा स्वतःचा घसा फार दणदणीत असला पाहिजे. आमच्या आईचे कान असे शाबूत आहेत, की मागच्या अंगणात भांडी घासता घासता तिला पुढच्या फाटकातल्या बायका कोणाची निंदा करतायत ते कळतं. निंदेत काही राहून गेलं असेल तर ती तिथूनच भर घालते. तरीही अकोल्याच्या आमच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा दारातूनच आरोळी ठोकतो, "काऽऽय आजी, ओळखलं काऽऽ?" आई त्याला ओळखते. त्याच्या बापाला ओळखते, आणि त्या बापानं कोणाचा धुरा, म्हणजे बांध, कोरून आपल्या वावरात घेतला तेही तिला आठवतं. पण ओरडणाऱ्या माणसाला उत्तर द्यायचं नाही असा तिचा नेम असल्यामुळे ती नुसती बघत राहते. मग पाहुणा आमच्या दादाकडे वळतो, आवाज एकदम माणसासारखा करतो आणि म्हणतो, "विसरत असतील ना आता?"

दवाखान्यात आईला नेणं म्हणजे तर पिशवी नेणं. डॉक्टर पिशवीशी बोलत नाहीत, आणणाऱ्याशी बोलतात. "झोप कशी आहे यांची? पोट साफ होते का यांचं?" असं त्यांनी दादाला विचारलं तेव्हा आई मधेच म्हणाली, "त्याले काहून इचारता? तो काय माह्या पोटात राहून राहिला का? होता एका काळी, पण तवा त्याले बोलता येत नोतं." डॉक्टर हसले आणि दादालाच म्हणाले, "गमतीशीर आहेत हो." म्हातारं माणूस बरोबर बोललं तर ते गमतीशीर असतं आणि चुकीचं बोललं तर ते वय असतं. तिसरा प्रकार मी अजून पाहिलेला नाही.

हे मी काही उंच ओट्यावर बसून लिहीत नाही. माझी पन्नाशी उलटून गेली आहे आणि केसांना मी जो रंग लावते तो या पृथ्वीवर जन्मलेल्या कुठल्याच बाईच्या केसांचा नसतो. आता जी गोष्ट सांगते आहे तिच्यासाठी अमरावतीहून अकोल्याला निघाले, तेव्हा बसमध्ये कॉलेजातली एक पोरगी ताडकन उठून म्हणाली, "आजी, बसा." मी तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी कोणी असती तर रडलीच असती. आणि लगेच बसले, कारण गुडघा ऐकत नव्हता. मूर्तिजापूर येईपर्यंत माझा अपमान चालू होता आणि गुडघ्याला मात्र फार बरं वाटत होतं.

मी निघाले होते ती दादाच्या फोनमुळे. दादा माझा मोठा भाऊ. आई त्याच्या घरी, म्हणजे खरं तर तो आईच्या घरी, वरच्या मजल्यावर बायकोपोरांसह राहतो. प्लॉट पाडून विकणं हा त्याचा धंदा आणि उरलेल्या वेळात समाजसेवा. कधी कधी याच्या उलटंही असतं. फोनवर त्याचा आवाज सभेतला होता.

"आईचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरवलं आहे. संत्र्यांची तुला करू. मोठं कार्यालय घेतलं."

ऐंशी ओलांडलेल्या माणसाच्या आयुष्यात हजार पौर्णिमा होऊन जातात, म्हणून हा सोहळा. एका पारड्यात म्हातारं माणूस, दुसऱ्यात गूळ नाहीतर फळं, मधे फोटोवाला. हजार चंद्र पाहिलेल्या माणसानं त्या दिवशी फक्त कॅमेऱ्याकडे पाहायचं असतं.

"आई तयार आहे?" मी विचारलं.

"तेच. तू ये आणि तिला समजावून सांग."

आमच्या घरात मी समजावून सांगणारी आहे. हे पद मला कोणी कधी दिलं आठवत नाही, आणि मी समजावल्यामुळे कोणाला काही समजल्याचंही आठवत नाही, पण पद टिकून आहे.

यात समजावण्यासारखं काय होतं ते सांगायला हवं. बार्शीटाकळीच्या रस्त्याला आमचं थोडं वावर आहे. त्यात झेंडू, शेवंती, निशिगंध. वडील होते तेव्हा ते पिकवायचे आणि आई अकोल्याच्या बाजारात विकायची. वडील गेल्यावर वावर मजुरांवर आलं, पण बाजार आईनं सोडला नाही. रोज पहाटे ठरलेला ऑटो येतो, आई भिंतीलगतच्या आपल्या जागेवर तरट अंथरते आणि दुपारपर्यंत फुलं विकते. अंगानं ती वाळल्या शेंगेसारखी आहे, पण त्या तरटावर बसली की दोन माणसांची जागा तिला कमी पडते.

दादाला याची लाज वाटायची. पूर्वी थोडी वाटायची, मग एका लग्नात कोणीतरी प्रतिष्ठित गृहस्थ जेवता जेवता त्याला म्हणाले, "तुमच्या मातोश्रींना अजून बाजारात बसावं लागतं का हो?" तेव्हापासून फार वाटू लागली. आईला बसायला आवडतं, हे त्या गृहस्थांच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. म्हाताऱ्या बाईला काही आवडू शकतं, नातवंड आणि कीर्तन सोडून, असं लोकांना वाटतच नाही. ती बाजारात दिसली म्हणजे पोरानं टाकली. ती घरी सोफ्यावर भिंतीकडे तोंड करून बसली म्हणजे पोरगा श्रावणबाळ. दादाला श्रावणबाळ व्हायचं होतं, आणि शक्यतो फ्लेक्सवर.

मी पोचले तेव्हा आई ओसरीत सुई-दोऱ्यानं हार ओवत होती. मी चपला काढल्या, पाणी प्यायले आणि पदाला जागून सुरुवात केली.

"आई, दादाची हौस आहे."

"त्याची हौस हाये तं त्याले बसव पारड्यात."

"अगं, हजार चंद्र झाले म्हणतात तुझे."

"म्या काय चंद्र मोजत बसली होती? पहाटे वावरात जाच्या टायमाले उजेड पडते का नाई, एवढ्यासाठी पायला असन त्याच्याकडं."

"तू थकली नाहीस का आता?"

"थकली ना. तू नाई थकली? आत्ता चपला काढाले भिंत धरली तुनं. सांगू का तुह्या पोराले, तुहा बी सत्कार ठेव म्हनून?"

मी भिंतीवरचा हात काढून घेतला. आईनं दोरा दातानं तोडला आणि विचारलं, "दिवस कोनता काढला?"

"लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशीचा. सगळे दिवाळीला जमलेले असतात ना. भटजींनी मुहूर्तही चांगला सांगितला."

"भटजीनं नाई सांगतला," आई म्हणाली. "माह्या पोरानं सांगतला."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या बाजारात जागेवर कोणाचं नाव नसतं. कोण कुठं बसतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, एवढंच. पण नियम एक आहे आणि तो कडक आहे. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, ज्याला आमच्याकडे झेंडूचा दिवसच म्हणतात, माल उतरला की ज्याचं बूड ज्या जागेवर टेकलं त्याची ती जागा, पुढच्या दिवाळीपर्यंत. ज्यानं ती रिकामी ठेवली त्यानं सोडली. मग तो आजारी असो, त्याच्या घरी लग्न असो, कोणी वाद घालत नाही. वडील गेले त्या वर्षी तेरवीची भांडी अजून परत गेली नव्हती आणि आई जाऊन बसली होती. नातेवाइकांनी वर्षभर तोंडं वाकडी केली, पण जागा राहिली. दादा त्याच तरटावर झेंडूच्या पोत्याला टेकून लहानाचा मोठा झाला. त्याला हा नियम ठाऊक नव्हता असं समजायला मी त्याची बहीण नसायला हवी होते.

"मग नाही म्हण ना," मी म्हणाले.

"नाई म्हनलं तं लोक म्हनतीन, म्हातारी हेकेखोर झाली. हो म्हनलं तं म्हनतीन, सुटली बिचारी. कोनतं बी म्हन, बोलनार तेच." मग जरा विचार करून ती म्हणाली, "त्याले सांग, बसतो पारड्यात. पन बाराच्या आंधी मले बाजारात सोडाचं."

हा निरोप घेऊन मी वर गेले. दादा इतक्या चटकन कबूल झाला की मला संशय यायला हवा होता. "अगं, फुलं तोडणाऱ्या बाया दिवाळीच्या दिवसांत उशिरा येतात," तो म्हणाला. "माल बाजारात पोचायलाच बारा वाजतात. मी स्वतः गाडीनं सोडतो तिला." वहिनीनंही मान डोलावली. मी खाली येऊन आईला तसं सांगितलं. सोहळ्याच्या दिवशी सकाळी तिनं रेशमी लुगड्याच्या आत पैशांची कापडी पिशवी कमरेला बांधली, ती मी पाहिली.

कार्यालयाच्या दारात आईचा फ्लेक्स होता. फोटोतली बाई इतकी गोरी, इतकी गुबगुबीत आणि इतकी दंतपंक्तीयुक्त होती की आई थांबून म्हणाली, "हे कोन हाये?" लगेच तीन नातेवाईक एकमेकांकडे पाहून हळहळले. "पाहा, स्वतःला ओळखत नाहीत आता."

पहिल्या रांगेत जवळच्या वृद्धाश्रमातली मंडळी आणून बसवली होती. तुलेची संत्री त्यांनाच द्यायची होती, पण मुख्य म्हणजे त्यांच्यामुळे वातावरण तयार होतं असं दादाचं मत. प्रत्येकाच्या हातात एकसारखा टॉवेल. मी शेजारी बसलेल्या आजोबांना विचारलं, "चहा घेतला का?"

"बाई, दिवाळीत आमाले लय मागणी असते," ते म्हणाले. "सकाळी एकाच्या वाढदिवसाले शिरा खाल्ला, मंग एका साहेबाच्या आईच्या पुण्यतिथीचे लाडू, आता तुमचं. संध्याकाळी आनखी एक हाये. पोट एकच हाये, हे कोणाच्या ध्यानातच येत नाई."

"मग नाही म्हणायचं."

"फोटोत जागा खाली दिसते मंग."

सूत्रसंचालकानं आईला वटवृक्ष म्हटलं, दीपस्तंभ म्हटलं, अनुभवाचं विद्यापीठ म्हटलं. वटवृक्षाची सोय अशी, की तुला कुठं उभं राहायचं आहे असं त्याला कोणी विचारत नाही. मधून मधून तो माइक खाली घेऊन आईच्या कानात ओरडायचा, "आऽजी, बरं वाटतं ना?" आई बारा वाजायची वाट पाहत भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

मग तुला. आता इथं दादाचं गणित फसलं, आणि ते फसवलं त्याच्या हौसेनंच. मंडपवाला भाड्यानं सजवलेला तराजू देत होता, चंदेरी कागद लावलेला. दादाला तो खेळण्यातला वाटला. "आपल्या घराण्याला शोभला पाहिजे," म्हणून त्यानं बाजारातल्या ओळखीच्या अडत्याकडून जुना मोठा तराजू मागवला. इलेक्ट्रॉनिक काटे येण्याआधी गुळाच्या भेल्या ज्यात मोजायचे तो, दोन हात रुंद पारड्यांचा. तो टांगायला जमतो फक्त तिथल्या माल मोजणाऱ्या मापाऱ्याला. तेव्हा अडत्यानं तराजूसोबत मापारीही दिला. ज्या दिवशी बाजारातली खबर आईपर्यंत पोचू द्यायची नव्हती, त्याच दिवशी माझ्या भावानं बाजारातला माणूस मालवाहू ऑटोत घालून तिच्या कानाशी आणून उभा केला. हे आमच्याच घराण्याला जमू जाणे.

आई पारड्यात मांडी घालून बसली. मापारी साखळ्या सारख्या करत होता. मी तिचा पदर नीट करायला जवळ होते, म्हणून मला ऐकू आलं.

"काकू, तुमी इथं? मंग तुमच्या जागेवर तो कोन बसून राहिला?"

"कोन?"

"तो चष्म्यावाला. शर्ट खोसेल. तुमच्या सुनबाईचा भाऊ होय ना तो?"

"माल कवा आला?"

"माल? दिवस निघाच्या आंधीच आला जी. अर्धा खपला बी असन. भाव पाडून राहिला तो."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी वहिनीकडे पाहिलं. वहिनी संत्र्यांकडे पाहत होती.

संत्री वरूडहून क्रेटांतून आली होती, पण क्रेट फोटोत चांगले दिसत नाहीत म्हणून प्रत्येक पाहुण्यानं हातानं दोन-दोन संत्री पारड्यात ठेवायची होती. पाहुणे ठेवत होते, हसत होते, आईकडे न पाहता कॅमेऱ्याकडे पाहत होते. ढीग वाढला. आईचं पारडं हळूहळू जमिनीवरून उचललं गेलं. ती अधांतरी झाली तशा टाळ्या वाजल्या आणि नेमका तोच क्षण साधून दादानं माइक हातात घेतला.

"आज एक आनंदाची घोषणा. आमच्या मातोश्रींनी आजपासून बाजारातून निवृत्ती घ्यायचं स्वतः ठरवलं आहे. आयुष्यभर कष्ट केले, आता फक्त विश्रांती!"

टाळ्यांचा गडगडाट. वृद्धाश्रमातल्या आजोबांनीही सवयीनं वाजवल्या.

"मले उतरव," आई म्हणाली.

"आई, एक फोटो फक्त!" कोणीतरी म्हणालं.

"आऽजी, घाबरू नका!" सूत्रसंचालक.

"घाबरून नाई राहिली. जाऊन राहिली."

आणि तिनं पाय खाली सोडून सरळ उडी मारली. उडी म्हणजे वीतभर, पण दुसऱ्या पारड्याला तेवढं पुरलं. ते धाडकन आदळलं आणि संत्री कार्यालयभर सुटली. खुर्च्यांखाली, भटजींच्या ताम्हणात, स्टेजवरून ठणाठण पायऱ्या उतरत. इतका वेळ चिकटवल्यासारखी बसलेली ती पहिली रांग अशी चपळ उठली की पाहत राहावं. मघाचे आजोबा टॉवेलात संत्री भरत होते, कोणी द्यायची वाट न पाहता.

आई बाहेर मालवाहू ऑटोत मापाऱ्याशेजारी जाऊन बसली होती. गळ्यात निशिगंधाचा हार तसाच. मापारी कुरकुरला, "तराजू राहिला जी अंदर." आई म्हणाली, "तो कुठी पळून नाई जात. बाजार पळून राहिला." मी मागच्या हौद्यात चढले. पैठणी नेसून, मेकअप करून, लोखंडी कठडा दोन्ही हातांनी धरून मी अकोल्याच्या रस्त्यातून गेले. दादाचा फोन वाजत होता. तिला समजाव, हेच असणार. माझे हात गुंतलेले होते. आयुष्यात इतकं चोख कारण मला पहिल्यांदाच मिळालं.

बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. आईच्या तरटावर दादाचा साळा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. आई समोर उभी राहिली.

"ऊठ."

"अरे, मावशी! तुमी काहून तरास घेतला? आज तुमचा दिवस."

"म्हनूनच आली. ऊठ. तरट माहं, माल माहा, जागा माही."

साळा वाईट माणूस नाही, फक्त दादाच्या सांगण्याबाहेर जाण्याची त्याला सवय नाही. तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "पन मावशी, आज जो बसला त्याची जागा. तुमच्याच तोंडून आयकलं ना म्या दरवर्षी."

नियम आईचाच होता. तिनं शेजारच्या फुलवालीकडे पाहिलं. वर्षानुवर्षं दोघी मांडीला मांडी लावून बसलेल्या, एका कपातला चहा दोघींत केलेला. ती बाई स्वतः साठीपुढची. ती म्हणाली, "बसू द्या ना काकू त्याले. तुमचं वय झालं. पोरगा एवढा सत्कार करते, आनखी काय पायजे मानसाले?"

दादानं बोललेलं आईला लागलं नव्हतं. हे लागलं. तिचा चेहरा मी पाहिला. आता ती भांडणार, चिडणार, मग लोक म्हणणार हेकेखोर, आणि संपलं, असं मला वाटलं.

आणि मग आई म्हातारी झाली.

माझ्या डोळ्यांदेखत झाली. पाठ वाकली, मान लटलट हलू लागली, हात असा कापायला लागला की बांगड्या वाजल्या. आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा आला, "बाप्पा रे... चक्कर येऊन राहिली मले... उन्हात उभी केली रे म्हातारीले... बसाले जागा देत नाई कोनी..."

मी घाबरून धावले, तिला धरलं. तिनं मला दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा कळलं. मग मीही रडायला लागले. पाणी होतंच, आवाज तेवढा काढायचा होता. पण आईच्या कामापुढे माझं काम फार हलकं झालं, हे मान्य केलं पाहिजे.

भोवती कडं झालं. घराघरात म्हाताऱ्यांशी ओरडून बोलणारी, बँकेच्या रांगेत त्यांना ढोसून पुढे जाणारी तीच माणसं, पण रस्त्यात फुकटची दया करायला मिळाली की आमचे लोक मागे राहत नाहीत.

"अबे ऊठ ना! लाज नाई वाटत का?"

"बिचारी आजी! गळ्यात हार घालून घराबाहेर काढली का काय?"

"व्हिडिओ काढ, व्हिडिओ काढ याचा!"

व्हिडिओचं नाव निघताच साळा उठला. कोणीतरी त्याच्या खोसलेल्या शर्टाला धरून उठायला मदतही केली. आई थरथरत, कण्हत, माझ्या आधारानं तरटावर बसली. बूड टेकलं. त्या क्षणी तिनं माझा हात असा झटकला जसं काही मीच तिला पाडत होते.

दादा तेवढ्यात पोचला होता. मी त्याला गर्दीपलीकडे गाडीत बसलेला पाहिलं, काच वर करून. मग त्याला मोबाइल दिसले. तो उतरला, गर्दीतून वाट काढत आला आणि आईच्या पायांवर डोकं ठेवलं. "आईची इच्छा तीच आमची इच्छा!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता तो सांगतो की साळ्याला त्यानंच उठवलं. सांगू दे. जागा आईचीच राहिली, आणि आमच्या बाजारात झेंडूच्या दिवशी टेकलेलं बूड पुढच्या दिवाळीपर्यंत कोणी हलवत नाही.

इथं मी थांबले असते तर ही गोष्ट सांगायला मला फार आवडली असती. घरी मी ती पाहुण्यांना इथपर्यंतच सांगते. सगळे हसतात, आईला दाद देतात, "ग्रेट आहेत हं आजी," असं पुन्हा माझ्याकडेच पाहून म्हणतात.

पण मी त्या दिवशी उन्हं उतरेपर्यंत तिथं बसले होते. गर्दी पांगली, तशी आईनं पाठ सरळ केली, हार काढून ढिगावर टाकला, लुगडं खोचलं आणि तरटावरचा आपला लहान तराजू हातात घेतला. गिऱ्हाईक यायला लागलं. एक बाई आली, तिनं भाव विचारला. आईनं नेहमीप्रमाणे चढवून सांगितला, कारण आईचा भाव म्हणजे भांडणाची सुरुवात असते. तिच्याकडे फुलं घ्यायची म्हणजे आधी तिनं तुमचं माहेर काढायचं, तुम्ही तिची फुलं शिळी ठरवायची, दोनदा निघून जायचं नाटक करायचं, मग कुठं पुडी बांधायची. लोक त्यासाठी लांबून येत, आणि आई त्यासाठी पहाटे उठे.

त्या बाईनं मुकाट्यानं पैसे दिले. "राहू द्या आजी सुटे," म्हणाली.

पुढच्या माणसानंही दिले. त्याच्या पुढच्यानं वजन न पाहता पिशवी उचलली. एका पोरीनं आईला वाकून नमस्कार केला आणि फुलं न घेताच गेली. शेजारच्या फुलवालीनं चहा मागवला, तो आला तेव्हा आईचा बिनसाखरेचा होता. कोणी विचारलं नव्हतं. आईनं कप हातात धरून त्यात पाहिलं आणि बाजूला ठेवून दिला.

आई भाव वाढवत गेली. मला वाटलं हावरी झाली. मग लक्षात आलं, ती कोणीतरी अडवायची वाट पाहत होती. झेंडूला सोन्याचा भाव सांगितला तरी लोक मान तिरकी करून, डोळे ओले करून, पैसे काढत होते. ज्या म्हातारीचं सोंग तिनं घटकाभर घेतलं होतं, तिच्याशीच सगळे बोलत होते. आमची आई त्या तरटावर बसली होती, पण तिच्याशी भांडायला कोणी तयार नव्हतं.

शेवटी एक गृहस्थ आले, सोबत बायको. आईनं भाव सांगितला. तो ऐकून मापारीही लांबून हसला असता. गृहस्थांनी पाकीट काढलं.

"थांबा," आई म्हणाली. "जास्त सांगतला म्या."

"असू द्या हो आजी."

"काहून असू द्या? जास्त हाये ना. कमी करा म्हना."

"सणासुदीचं आहे. घ्या." त्यांनी नोटा ढिगावर ठेवल्या आणि पिशवीला हात घातला.

आईनं पिशवीचा दुसरा बंद धरला. "भाव करा," ती म्हणाली. "माल पाहा आंधी. खालची फुलं दबेल हायेत, दिसत नाई का तुमाले? बोला ना काईतरी, बाप्पा!"

गृहस्थांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच, समजूतदारपणे मान हलवली. मला ती मान ओळखीची होती. या वेळी मी कोणालाच समजावलं नाही. आईनं पिशवी सोडली नाही.